सटवामामाच्या हातचा घास

“जन्मली तवा पोरगी लालबुंद व्हती, सर. मंग सा महिन्यानं तिचं रगत कावून आटलं?”

हा प्रश्न मला सटवाने विचारला. मी बीडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आपल्या भाचीला, ऋतुजाला, थॅलेसेमिया आहे असे त्याने सांगताच मी ठरावीक माहिती सांगून टाकली होती: हा आनुवंशिक आजार आहे, आईबापांकडून येतो, मूल तो जन्मतःच घेऊन येते. सटवाने सगळे ऐकून घेतले आणि आपला प्रश्न पुन्हा होता तसा समोर ठेवला. आजार जन्मतःच होता, तर पहिले सहा महिने तो कुठे होता?

ही गोष्ट जानेवारी २०२० मधली. चौसाळ्याच्या शिवारात आमच्या रानातली तूर नुकतीच निघाली होती आणि खतासाठी सटवाच्या मेंढ्या तिथे बसवल्या होत्या. सटवा सत्ताविशीचा, उंच, बोलताना हात आवरता न येणारा मेंढपाळ. कुठलीही गोष्ट त्याला अर्धवट सोडवत नसे. शेळीची बाहुली आडवी का, शिंग आतून पोकळ असते की भरीव, जुळ्या कोकरांत एकच पांढरे कसे निघते, असे त्याचे प्रश्न असत, आणि उत्तर पटले की तो ते लगेच शेजारच्या रानातल्या माणसाला सांगायला जाई. ऋतुजाचा प्रश्न मात्र त्याने तीन वर्षे कुणाला विचारला नव्हता. तो विचारताना त्याचे हातही हलले नाहीत.

कारण त्या प्रश्नात त्याचा स्वतःचा हात अडकलेला होता. मुलाचे उष्टावण मामाने करायचे, पहिला घास त्याने भरवायचा, हा रिवाज सगळीकडचाच. सटवाच्या घराण्यात त्यात आणखी एक भर होती: ती खीर पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या, मेंढीच्या दुधात शिजवायची आणि मेंढी मामाने आपल्या कळपातून निवडायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये सटवाने अशी मेंढी निवडली, स्वतः दूध काढले आणि सहा महिन्यांच्या ऋतुजाला घास भरवला. महिनाभरात पोर पांढरी पडू लागली. दूध पिताना दमू लागली, पोट फुगले. बीडच्या दवाखान्यात निदान झाले, रक्त चढवणे सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनीही जन्माचा आजार असेच सांगितले, आईबापांनी तपासून घ्यावे असेही सांगितले. पण कळप हलायचा होता. ते राहून गेले. आणि ज्या पोरीला सगळ्या भावकीने लालबुंद पाहिले होते तिचा आजार जन्माचा, हे कुणाच्या गळी उतरले नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. घासाच्या आधी पोर चांगली होती, घासानंतर बिघडली.

सटवाची थोरली बहीण अंजना त्याला कधी वाकडे बोलली नाही. तिने फक्त पोरीला त्याच्या मांडीवर देणे बंद केले. नारायणगडाच्या यात्रेतून त्याने ऋतुजासाठी आणलेल्या बांगड्या तिने खुंटीला अडकवल्या, त्या तिथेच राहिल्या. आता अंजनाला दुसरे मूल झाले होते. माऊली आठ महिन्यांचा झाला तरी त्याचे उष्टावण झाले नव्हते. मामाच्याच नव्हे, कुणाच्याच हातचा घास त्याच्या तोंडात जाऊ द्यायला अंजना तयार नव्हती. अंगावरच्या दुधावर तो सहा महिन्यांपर्यंत बरा वाढला. पुढे त्याची वाढ खुंटली. मांड्यांवरचे मांस उतरले. अंगणवाडीच्या बाईंनी समजावले, नवऱ्याने आवाज चढवून पाहिला. अंजनाचे म्हणणे एकच होते: पहिलीला काय झाले ते आधी मला कळू द्या, मग दुसऱ्याच्या तोंडात काय घालायचे ते मी बघते.

तेव्हा सटवाचा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. त्याच्या उत्तरावर एक मूल जेवणार होते.

त्या आठवड्यात मी जे वाचले त्याने माझीच झोप उडाली. गर्भात रक्त एकदाच आणि एकाच जागी तयार होते असा माझा ढोबळ समज होता. प्रत्यक्षात गर्भाला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही, अशा तिसऱ्या आठवड्यातच रक्ताचे पहिले पुंजके दिसू लागतात, आणि तेही गर्भाच्या शरीराबाहेर, त्याला जोडलेल्या पीतक-पिशवीच्या भिंतीत. पुढे ते काम यकृताकडे जाते, आणि जन्म जवळ येतो तसे हाडांतल्या मज्जेकडे. प्रत्येक पेशीत जनुकांची संपूर्ण शिदोरी असते. त्यातले कोणते जनुक कुठे आणि कधी जागे करायचे, हे काही नियंत्रक प्रथिने ठरवतात. उंदराच्या गर्भातून असे एक नियंत्रक प्रथिन नाहीसे केले तर रक्ताची एकही पेशी बनत नाही. दुसरे एक नाहीसे केले तर पहिले रक्त बनते, पण यकृतातले रक्त सुरूच होत नाही आणि गर्भ दगावतो. एवढ्या मोठ्या कारभाराची किल्ली एकेका रेणूजवळ असावी, हे वाचून मी खुर्चीतून उठून येरझारा घालू लागलो.

सटवाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याही पुढच्या पानावर होते. रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिनचा, आणि हे हिमोग्लोबिनही बदलत जाते. अगदी सुरुवातीला एक, मग गर्भातल्या उरलेल्या काळात दुसरे, जन्मानंतर तिसरे. गर्भातले हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यासाठी घडलेले असते. बाहेर आल्यावर त्याची गरज सरते. हिमोग्लोबिनच्या या बदलत्या भागाची जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने वापरायची त्याच क्रमाने ओळीत बसलेली असतात. ओळीच्या टोकाला एक नियंत्रक पट्टा असतो. तो वळून एका वेळी जणू एकाच जनुकाला जागे करतो. जन्माच्या आसपास गर्भातले जनुक मिटू लागते, त्याच्या पुढचे उघडू लागते, आणि ही अदलाबदल पुरी व्हायला साधारण सहा महिने लागतात. थॅलेसेमियाच्या या प्रकारात खराब असते ते हे शेवटचे जनुक. ऋतुजा जन्मली तेव्हा ते अजून कामावर आलेच नव्हते.

म्हणजे आजार कुठेही लपलेला नव्हता. तो आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

हे सांगायला मी रानात गेलो तेव्हा सटवा मेंढ्यांना पाणी दाखवून परतत होता. रक्तनिर्मितीची जागा कशी बदलते इथपर्यंत आलो आणि त्याचे हात हलू लागले. मेंढपाळ आपल्या मुक्कामाला वाडा म्हणतात. “म्हंजी रगताचाबी वाडा हलतो,” तो म्हणाला, आणि पुढे काही ऐकायच्या आत त्याने मला थांबवले. हे कुणी डोळ्यांनी पाहिले आहे का, असे त्याने विचारले. माणसात पाहणे अवघड, पण कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी सहज दिसते, असे मी म्हणालो. सटवाच्या वाड्यावर डालीत एक कोंबडा आणि चार कोंबड्या होत्या, त्यांतली एक खुडूक, अंडी उबवायला बसलेली होती. माझे वाक्य संपेपर्यंत तो डालीपाशी पोचलाही होता. कोळशाने खूण करून त्याने तीन अंडी तिच्याखाली ठेवली. मी घरी पोचलो तोवर त्याचा फोन आला, अंडी मध्ये एकदा फिरवायची का म्हणून. त्याची काळजी कोंबडीला करू दे, असे मी सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. “येताव का, का मी फोडू?”

कोमट खारे पाणी ताटलीत घेऊन आम्ही उन्हात बसलो. अंड्याच्या जाड टोकाचे कवच मी चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढले, खालचा पापुद्रा सोडवला. पिवळ्या बलकावर तांबड्या रेघांचे नाजूक जाळे पसरले होते, आणि मधोमध हृदयाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उडत होता. पिल्लासारखे म्हणावे असे तिथे काहीच नव्हते. रक्त मात्र होते, आणि ते वाहत होते.

सटवा इतका वाकला की त्याच्या सावलीत अंडे दिसेना. मला त्याला मागे सारावे लागले. मग त्याने विचारले, “ह्याचं तोंड कुठंय?”

तोंड अजून फुटले नाही, असे मी सांगितले.

“दाणा?”

दाण्याचा प्रश्नच नव्हता.

“मंग ह्याला घास कुणी भरवला?”

असे म्हणून तो उठला. उरलेली दोन अंडी रुमालात गुंडाळून त्याने सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली. मोटारसायकल मला चालवायला लावली. खड्डा आला की मागून माझ्या खांद्यावर थाप पडे. रस्ताभर तो आपल्याशीच बोलत होता. त्यातले एवढेच कळत होते, की तोंडाच्या आधी रगत हाय, आधी रगत हाय.

अंजना आणि तिचा नवरा सोमेश्वर यांनी ऋतुजाच्या दवाखान्यापायी कळपाबरोबर फिरणे सोडले होते. चौसाळ्याच्या कडेला पत्र्याच्या घरात राहून ती दोघे बटईने, पिकातल्या वाट्यावर, दुसऱ्याचे रान करत. आम्ही पोचलो तेव्हा अंजना गव्हाला दारे धरत होती: हातात फावडे, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात. ऋतुजा बांधावर मातीची भांडी मांडून बसली होती. माऊली बाभळीला बांधलेल्या झोळीत होता; त्याची मान झोळीच्या काठावर अगदी बारीक दिसली. सटवा सदऱ्यातून अंडी काढू लागला तेव्हा सोमेश्वर म्हणाला, “आता दोष कोंबडीवर ढकलतो का बे?” सटवाला ते ऐकूही आले नाही.

दुसरे अंडे मी तिथे उघडले. अंजनाने फावडे न ठेवता पाहिले, उडता ठिपका नीट पाहिला. ऋतुजाला मात्र तिथून हलवणे कठीण झाले; ते मरेल का, असे तिने विचारले, आणि मी खरे ते सांगितले. सटवा उत्साहाने सगळे समजावून देत होता. अंजनाने त्याचे बोलणे संपू दिले.

“अंडं कोंबडीचं हाय,” ती मला म्हणाली. “माह्या पोरीचे सा महिने कसे निघाले ते सांगा.”

मी गुणसूत्रापासून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडखळलो. समोर पाणी वाहत होते, तेव्हा त्याच्याच आधाराने सांगितले. पाट एक आहे, वाफे ओळीने आहेत. आईच्या पोटात असताना पाणी पहिल्या वाफ्यांकडे असते. मूल जन्मले, की त्यांचे दार हळूहळू लावायचे आणि शेवटच्या वाफ्याचे उघडायचे, हा शरीराचा नेम आहे. त्याला सहा महिने लागतात. ऋतुजाच्या पहिल्या वाफ्यांत काही उणे नव्हते, म्हणून ती लालबुंद होती. दार वेळेवर फिरले. पण शेवटच्या वाफ्यातले बीच खराब होते, तिथे काही उगवले नाही. आणि आपण उष्टावण करतो तेही नेमके सहाव्या महिन्यात. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आल्या, एवढाच त्यांचा संबंध. घास दिला नसता तरी ते दार फिरणारच होते.

सटवा दोन्ही हात पसरून उभा होता. तीन वर्षांत तो बहिणीच्या इतका जवळ आला नसावा. “ऐकलंस का, आक्का,” तो म्हणाला.

अंजनाने ऐकले होते. तिने विचारले, “मंग बी कुणाचं खराब?”

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवे होते. सटवाला तर तो सुचलाच नव्हता. मी सांगितले, की हे जनुक प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्यात आणि सोमेश्वरांत एकेक चांगले आणि एकेक खराब असावे. म्हणून तुम्हा दोघांना काही त्रास नाही. पोरीच्या वाट्याला दोन्ही खराब आली. सोमेश्वर हा अंजनाच्या आत्याचा मुलगा. दोघांतले खराब जनुक एकाच आजीआजोबांकडून आलेले असण्याचा संभव मोठा होता.

वाफा भरला, पाणी कडेवरून सांडू लागले, तरी अंजनाने दार फिरवले नाही. तेव्हा मला उमगले, की भावाच्या हातावर ठेवलेला दोष तिला तीन वर्षे पेलता आला होता. हात दूर ठेवता येतो. स्वतःचे रक्त कुठे ठेवायचे?

सटवालाही ते उमगले. मघाचा त्याचा सगळा आवेश जिथल्या तिथे थांबला. त्याने तिच्या हातातून फावडे घेतले, मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडले आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, “आक्का, तू आपलं माह्या हातावरच ऱ्हाऊ दे. मला सवं झालीय.”

“तुह्या हातावर ठिवलं म्हणून तर हे पोरगं उपाशी हाय,” अंजना म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, ही तपासणी कुठे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बीडला गेलो. अंजनाने स्वतःचे, सोमेश्वरचे आणि माऊलीचे रक्त द्यायला लावले. सटवालाही रांगेत उभे केले. तो सुईला घाबरत होता आणि ते लपवण्यासाठी लॅबमधल्या मुलीला विचारत होता, की कोकराच्या रक्तातही अशीच अदलाबदल होते का. तिला ते ठाऊक नव्हते. होते, आणि ती काही आठवड्यांतच पुरी होते, असे मी सांगताच त्याने दंड पुढे केला, आणि सुई टोचली तेव्हा तो आपल्या कळपातली नुकती जन्मलेली कोकरे मोजण्यात गुंतला होता. नमुने बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होते. अहवालाला आठवडा लागेल असे कळले.

परतताना सगळे चौसाळ्याच्या फाट्यावर उतरले. आता आठवडाभर थांबू, मग काय ते ठरवू, असे सोमेश्वर म्हणाला. अंजना चालता चालता थांबली. तिने सटवाला विचारले, वाड्यावर पहिलारू मेंढी आहे का.

सोमेश्वरने अहवालाची आठवण करून दिली.

“अहवालात जे निघंल ते आजबी पोराच्या रगतात हायच,” ती म्हणाली. “घासानं ते व्हायचं न्हाई, आन् घासानं जायचंबी न्हाई. तवर त्यानं कावून उपाशी ऱ्हावं?”

मला त्या आठवड्यात वाचलेल्या सगळ्या पानांहून हे वाक्य नेमके वाटले. सटवा तर पळतच सुटला. तासाभरात तो चरवीत दूध घेऊन आला. खीर शिजेपर्यंत तो पाच मिनिटे एका जागी बसला नाही. त्याने हात धुतले, चुलीकडे जाऊन पाहिले, पुन्हा हात धुतले. “कातडं काढतो का बे आता हाताचं?” सोमेश्वर म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मेहुण्याच्या चेष्टेवर सटवा हसला.

अंजनाने माऊलीला उचलून भावाच्या मांडीवर दिले. सटवाने खिरीचा घास बोटांवर घेतला, फुंकर घालून निववला आणि बहिणीकडे पाहिले. तिने मान हलवली. माऊलीने पहिला घास जिभेने बाहेर ढकलला. सटवाचा चेहरा उतरला, पण तेवढ्यात पोराने त्याचे बोट दोन्ही मुठींत पकडले आणि त्यावर राहिलेली खीर चोखायला सुरुवात केली. ते बोट तो सोडेना. दुसरा घास आत गेला, तिसऱ्याला त्याने स्वतःच तोंड उघडले. ऋतुजा जवळ येऊन बसली आणि मलाही मामाच्या हातानेच पाहिजे, म्हणाली. अंजनाने वाटी तिच्याकडे सरकवली.

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. अंजना आणि सोमेश्वर दोघेही वाहक होते, म्हणजे दोघांतही एकेक खराब जनुक होते. माऊलीला आजार नव्हता; आईबापांसारखा तोही वाहक होता. सटवाही वाहकच निघाला. हे कळताच तो धावत बहिणीकडे गेला आणि आपल्यातही तेच बी आहे असे मोठ्या आनंदाने सांगू लागला. अंजनाने त्याला येड्यात काढले. आता पोरगी बघायला जाशील तेव्हा तिचेही रक्त तपासून घे, असे तिने बजावले, आणि त्याच्या पुढ्यात स्वतःच्या हाताने जेवणाचे ताट ठेवले.

गर्भातल्या हिमोग्लोबिनचे मिटलेले जनुक पुन्हा उघडणाऱ्या उपचाराला ब्रिटनमध्ये १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. तो उपचार ऋतुजापर्यंत अजून पोचलेला नाही; तिला ठरलेल्या दिवशी बीडला रक्त चढवावे लागते. जून २०२५ मध्ये ती चौसाळ्याच्या शाळेत चौथीत गेली.